काळ्या माणसाचा फोटो

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या नागपुरात नवतपा बसतो. नऊ दिवस. या नऊ दिवसांत दुपारी बारा ते पाच रस्त्यावर जो दिसेल तो एकतर लग्नाच्या पत्रिका वाटणारा असतो, नाहीतर माझ्यासारखा हट्टी. बाकीचं शहर कूलरसमोर पडून असतं. पुण्यामुंबईचे नातेवाईक फोनवर हळहळतात, "अगं, पंचेचाळीस! कशी जगतेस?" मी म्हणते, जगत नाही, वाळते. गच्चीवर कुरडया वाळतात, सांडगे वाळतात, त्यांच्या शेजारी आम्ही. पण नवतपा पुरता तपला पाहिजे, मध्येच सरी येऊन गळला तर पुढचा पाऊस बिघडतो, असंही इथे मानतात. त्यामुळे आमच्याकडची माणसं उन्हाला शिव्या देतात आणि ऊन जरा उतरलं की काळजीत पडतात.

माझं या नऊ दिवसांशी वैरच आहे. सक्करदऱ्यात बाबांनी सुरू केलेला स्टुडिओ आता मी चालवते. लोकांचे जुने काळेपांढरे फोटो इंकजेट मशीनवर, कापसाच्या जाड कागदावर छापून देते. मशीनमध्ये काळ्या आणि करड्या मिळून चार शाया आहेत. नवतपात त्या मशीनची बारीक तोंडं सुकतात. कूलर लावावा तर कागद दमट होऊन मधेच फुगतो, बंद करावा तर शाई वाळून फोटोवर आडवे पांढरे ओरखडे येतात. दर वर्षी मी ठरवते की हे नऊ दिवस दुकान बंद ठेवायचं आणि दर वर्षी कोणीतरी वडलांचा फोटो घेऊन येतंच.

या वर्षी ती कोणीतरी आमच्याच घरातली निघाली.

नवतपा बसायच्या चार दिवस आधी मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खात आणलीय, मधलं तेवढं उरलंय. "किल्लीच्या भोकातून पाह्यल्यावानी दिसते," असं ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांनी गोड बोलून काही लपवलं नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची, किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर तिने चपला काढल्या, सरळ बाबांच्या फोटोसमोर गेली आणि जवळजवळ नाक टेकवून उभी राहिली. फोटो मोठा, तिचं भोक लहान. ती मान हलवत एकेक तुकडा पाहत होती. आधी कपाळ, मग डोळा, मग मिशी.

"नंदा," ती म्हणाली, "हा कोन हाये वं?"

मला वाटलं, नजरेबरोबर डोकंही चाललं. "आई, बाबा आहेत ते."

"नाई. तुहा बाप काळा होता. तव्यावानी काळा. हा गोरा मानूस कोन हाये? तेवीस वर्सं झाली, मी कोन्या दुसऱ्याच मानसाले हार घालून राहिली."

मी काहीतरी सारवासारव करायला गेले. तिने हाताने मला थांबवलं. "हे भोक बुजाच्या आत मले माहा मानूस दाखव. त्याच्या रंगाचा. मंग डोये गेले तरी चालते."

असं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. आई एकदा बोलली की विषय संपतो. पुढचं करायचं काम दुसऱ्याचं असतं.

आमच्या स्टुडिओच्या पाटीवर नाव बाबांचं होतं. फोटो बाबा काढत, पण कागदावर माणूस आणायची ती आई. स्वयंपाकघरामागच्या खोलीला आम्ही डार्करूम म्हणत असू. दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या, लाल दिवा लावला की आई आमची उरायची नाही. बाहेरून हाक मारली तरी "हं" एवढंच. मला आत यायची मुभा होती, बोलायची नव्हती. एन्लार्जरमधून उजेड निगेटिव्हच्या आरपार होऊन खाली कागदावर पडायचा. उजेड जिथे जास्त वेळ पडेल तिथे कागद काळा होतो. म्हणून कोणाचा चेहरा उजळ हवा असेल तर उजेडाच्या वाटेत, तेवढ्या चेहऱ्यापुरता, हात आडवा धरायचा, आणि सारखा हलवत राहायचा, नाहीतर हाताची कड उमटते. आई तोंडाने आकडे मोजायची. पाचाला हात आत जायचा आणि बारा झाले की दिवा बंद. घड्याळ तिने कधी वापरलं नाही. मी एकदा शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणून तिची परीक्षा घेतली होती. घड्याळच चुकलं असेल असं मला वाटलं, इतकी ती बरोबर होती.

उजळ सगळ्यांनाच हवं असायचं. लग्नाच्या मोसमात मुलीच्या आया काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून सांगायच्या, "बाई, थोडी उजळ करा." थोडी म्हणजे किती ते आईला कळायचं. निर्मलाबाईंच्या हातात उजेड आहे, असं लोक आईबद्दल म्हणायचे. रामटेककडून बस पकडून माणसं यायची, जाताना गडावरचा प्रसाद काउंटरवर ठेवून जायची. सक्करदऱ्यातल्या निम्म्या संसारांचा पाया माझ्या आईच्या तळहाताच्या सावलीत घातला गेलाय, असं मी पुढे थट्टेने म्हणायची. आईला ती थट्टा आवडायची नाही.

आवडत नसली तरी मी ती करणारच होते, कारण मला तसा हक्क होता. मी बाबांवर गेले. बावीस वर्षांची असताना एका स्थळासाठी माझा फोटो निघाला. बाबांनी काढला, आईने छापला. सुकल्यावर मी तो हातात घेतला आणि मला ओळखू येईना. नाक माझं, वेणी माझी, साडी माझी आणि आत दुसरीच एक पिठाची बाई. मी आईला म्हटलं, "ही पाठवायची असेल तर हिलाच पाठव, मी येत नाही." आईने फोटो पाठवला. मुलाकडचे आले, पोहे खाऊन गेले आणि मध्यस्थाकरवी निरोप आला की फोटोत मुलगी उजळ वाटत होती. त्या दिवशी मी रडले नाही. डार्करूमचं दार लाथेने उघडून आईच्या रसायनाच्या ट्रेमधल्या सहा प्रिंटांवर उजेड पाडला. सहाही काळेठिक्कर. आईने मला मारलं नाही, ओरडलीही नाही, ते प्रिंट गोळा करून तिने पुन्हा छापायला घेतले. पुढे माझं लग्न झालं ते कोणाला फोटो न पाठवता. पण आई परवा भिंतीसमोर "हा कोन हाये?" म्हणाली तेव्हा भीती ओसरल्यावर मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाबा गेले तेही नवतपातच. सकाळी एका मुंजीचं काम करून आले, भिंतीला टेकून बसले आणि बसल्या जागीच संपले. त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. सतरंज्या आठवतात, कूलरची मोटर जळाल्याचा वास आठवतो, भेटायला येणाऱ्यांच्या डोक्याला गुंडाळलेले ओले दुपट्टे आठवतात. तेरवीला फोटो हवा होता आणि आमच्याकडे बाबांचा फोटो नव्हता. फोटोग्राफरच्या घरात फोटोग्राफरचा फोटो नसतो. लग्नातला एक होता, त्यात मुंडावळ्यांमागे फक्त मिशी दिसत होती. शेवटी आईनेच सांगितलं की एक निगेटिव्ह आहे, तिने स्वतः काढलेला.

आईने जन्मात काढलेला तो एकच फोटो. असाच कधीतरी उन्हाळा होता. बाबा कळमन्याच्या बाजारातून कुठल्याशा व्यापाऱ्याच्या गोदामाचे फोटो काढून आले होते. कॅमेरा त्यांनी आईच्या हातात दिला, "रोल संपत आला, काढून डब्यात ठेव," म्हणाले आणि दारातच डोक्याचा दुपट्टा सोडायला लागले. मागे अंगणात डोळे मिटावेत असं ऊन. आईने कॅमेरा डोळ्याला लावला. बाबा ओरडले, "कायले वाया घालवतं वं?" तेवढ्यात तिने बटण दाबलं. अर्धा सुटलेला दुपट्टा, कपाळावर घाम, तोंड बोलता बोलता उघडं, आणि मागे दारभर पांढरं ऊन.

तोवर रंगीत फोटोंचा जमाना येऊन आमची डार्करूम दोन वर्षं बंद पडली होती. सुतकात बायकोने कामाला हात लावायचा नाही, असं सगळ्या बायका सांगत होत्या. कोणीतरी दुसऱ्या स्टुडिओचं नाव सुचवलं. आई म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या हातून मी त्याईले येऊ देनार नाई." आणि उठली. डार्करूमच्या दाराशी माझी आत्या उभी होती, बाबांची मोठी बहीण. तिने आईचा हात धरला. "निर्मला, फोटोत तरी माह्या भावाले जरा उजळ दिसू दे वं. जलमभर काळ्या, काळ्या आयकलं त्यानं. शाळेत आयकलं, सासुरवाडीत आयकलं." आत्या हे बोलताना इतकी रडत होती की तिला नाही म्हणणारा माणूस दगडाचाच असायला हवा होता. आई आत गेली. मी टॉवेल घेऊन दाराशी उभी होते, मला आतून आकडे ऐकू येत होते. पाचाला आवाज जरासा थांबला, मग पुढे सरकला. तिने हात आत घातला होता. बाहेर आली ती उजळ बाबा घेऊनच. सगळ्यांना फोटो आवडला. मलाही आवडला, जिने स्वतःच्या फोटोवरून एवढा तमाशा केला होता त्या मलाही.

तर आता त्याच निगेटिव्हवरून बाबांना पुन्हा आणायचं होतं. मला वाटलं, दोन तासांचं काम. मी माझ्या मशीनवर गर्व करणारी बाई आहे. डार्करूमच्या नावाने उसासे टाकणारे हौशी लोक माझ्याकडे येतात. "त्या प्रिंटमध्ये आत्मा असायचा हो," म्हणतात. अशांना मी विचारते, फोटो पक्का करणाऱ्या त्या हायपोचा वास कधी घेतलाय का? आईच्या बोटांना चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरने दर उन्हाळ्यात भेगा पडायच्या, कातडी सोलून निघायची, चार चार दिवस ती चमच्याने जेवायची. आत्मा होता तो त्या बोटांतून रक्तासकट गेला. मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. कागद कोरडाच आत जातो आणि कोरडाच बाहेर येतो हे पाहून ती लहान मुलीसारखी हसली होती.

मी निगेटिव्ह स्कॅन केला. संगणकाने तो पाहताक्षणी स्वतःच्या अकलेने बाबांना उजळ केलं. त्यालाही कोणा मुलीच्या आईने शिकवून ठेवलेलं दिसतंय. मी ते काढून टाकलं, सावल्या खाली ओढल्या, छापलं. आई व्हरांड्यात बसली होती. तिने कागद हातात घेतला, मोठ्या फोटोवरून मान फिरवत राहिली. "कान सापडला तं डोया हरवते," म्हणाली. मग बोट ठेवलं, "आन हे डांबर हाये." खरंच होतं. चेहऱ्याच्या जागी काळं होतं, पण त्या काळ्यात माणूस नव्हता. मी पुन्हा वर ओढलं तर राख आली. पुन्हा खाली, पुन्हा डांबर. मध्ये कूलरमुळे कागद फुगला, मग ओरखडे आले. दोन दिवसांत अकरा प्रती झाल्या. आईला संगणकासमोर बसवून विचारावं, किती काळे, तर पडद्याच्या उजेडाने तिचे डोळे दुखतात. तोंडाने सांग म्हटलं तर ती म्हणायची, "होते तसे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनसमोर बसून होते आणि मला एक गोष्ट कळली, ती कळल्यावर मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. मशीनचा काही दोष नव्हता. सांगितलं असतं तो काळा त्याने दिला असता. मलाच बाबांचा रंग आठवत नव्हता. ते काळे होते हे शब्दात माहीत होतं, पण डोळे मिटले की भिंतीवरचा तो राखाडी माणूस समोर यायचा. तेवीस वर्षं रोज पाहून तोच बाबांच्या जागी येऊन बसला होता. मला माझीच शरम वाटली. बाबांचा रंग आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, आईच्या आठवणीत, आणि तिथून तो बाहेर काढायचा रस्ता तिच्या तोंडातून नव्हता. तो तिच्या हातांतून होता.

मी व्हरांड्यात येऊन म्हटलं, "आई, डार्करूम उघडते."

"येडी झाली का?" आई म्हणाली. "बोटं सडवाची हायेत तुले?"

"हातमोजे घालू."

आईने बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग म्हणाली, "छापीन मीच. मी बिघडवला, मीच दुरुस्त करीन. तू धू."

डार्करूममध्ये गव्हाच्या कोठ्या होत्या, जुने कूलर होते, मोडका पाळणा होता. सगळं अंगणात काढलं. कागद आणि रसायनं कुरियरने मागवली. ती येईपर्यंत नवतपाचे आणखी दोन दिवस गेले. लोक म्हणाले, या उन्हात? डेव्हलपर फार तापला की प्रिंट बिघडतो हे पुस्तकात वाचून माहीत असलेले लोक. त्यांना नागपूर माहीत नाही. इथल्या नवतपाची हवा इतकी कोरडी की ओल्या वस्तूतलं पाणी ती ओढून घेते आणि वस्तू गार करते. म्हणून तर माठ गार होतो. बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून कूलरच्या तोंडाशी ठेवायच्या, ट्रेखाली घमेल्यात माठाचं पाणी घालायचं आणि पहाटे साडेपाचला काम सुरू करायचं, ही आईची जुनी रीत. खरा त्रास आभाळ आलं की होतो. हवा दमट झाली की माठ आळशी होतो, डेव्हलपर कोमट होतो, सगळं काळंनिळं येतं. त्यामुळे त्या नऊ दिवसांत आयुष्यात पहिल्यांदा मी रोज उठून आभाळाकडे पाहून म्हणत होते, तप बाबा, तप.

पहिल्या पहाटे आईला मी एन्लार्जरसमोर स्टुलावर बसवलं. लाल दिव्यात तिला काहीच दिसत नव्हतं. पण कागदाची गुळगुळीत बाजू तिने बोटाने ओळखली, एन्लार्जरची फिरकी न चाचपडता धरली. फोटो लहान करायचा हे तिनेच ठरवलं, पोस्टकार्डाएवढा, "माह्या भोकात मावला पाह्यजे." आधी पट्ट्या काढल्या, एकाच कागदावर आठ, दहा, बारा, चौदा आकड्यांचा उजेड देऊन. त्या सुकवून व्हरांड्यात उजेडात तिच्यापुढे धरल्या. तिने एकेक डोळ्याजवळ नेली आणि बारावर नख टेकवलं. "इथं हाये तो." मी पाहिलं. मला तिथे फक्त एक गडद करडा तुकडा दिसला. मी तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

पण नुसते बारा मोजून भागत नव्हतं. चेहरा बारावर आला की मागचं ऊन कोऱ्या कागदासारखं राहायचं, दाराची चौकट दिसायचीच नाही. म्हणजे बारापर्यंत सगळं उघडं ठेवायचं, आणि बारा झाल्यावर चेहऱ्यावर हात धरून मागच्या दाराला आणखी वीस आकडे उजेड द्यायचा. काम सोपं. आईने असे हजारो केले असतील. तिने दिवा लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि पाचाला तिचा उजवा हात उचलला गेला आणि उजेडात जाऊन बाबांच्या चेहऱ्यावर हलायला लागला.

"आई!"

तिने हात मागे ओढला. कागद फुकट. दुसऱ्या वेळी पुन्हा पाचालाच. तिसऱ्या वेळी ती सातापर्यंत थांबली. प्रत्येक वेळी बाबा थोडे थोडे गोरे होऊन ट्रेत वर यायचे आणि मी ते फाडून टाकायची. आईला तिच्या हाताचा राग आला होता. त्याला तिने चापट मारली, खरंच, दुसऱ्या हाताने. "मेला आयकत नाई. तीस वर्सं लोकाइच्या पोरी उजळ करून करून याले तेवढंच येते." मग अंधारातच म्हणाली, "तुह्या फोटोलेही यानंच केलं. मी नोको म्हनत होती मनातून. यानं केलं." बोलण्यासारखं खूप होतं, पण डेव्हलपर तापत चालला होता.

दोन दिवस असेच गेले. आठव्या दिवशी दुपारी पश्चिमेला ढग दिसले. शेजारच्या काकू गच्चीवरून कुरडया उचलता उचलता आनंदाने ओरडल्या. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. संध्याकाळी हवेत चिकट ओल आली. चार कागद उरले होते. पुन्हा मागवले तर यायला दोनतीन दिवस तरी लागले असते, तेवढ्यात हवा फिरली असती आणि मग दिवाळीपर्यंत माठ गार होणार नव्हता. दिवाळीपर्यंत आईचं भोक किती उरलं असतं, कोणाला ठाऊक. मी बर्फाची लादी आणून घमेल्यात फोडून ठेवली. आईला म्हटलं, उद्या नाही झालं तर... "उद्या होते," आई म्हणाली आणि ताटावरून उठली.

नवव्या पहाटे ती आत आली आणि स्टुलावर बसली नाही. उभी राहिली. पदर कमरेला खोचला, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गच्च धरले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे. "तू दिवा लाव," म्हणाली. "मोजीन मी. बारा बोलली की हात सोडीन." मी दिवा लावला. तिने मोजायला सुरुवात केली. पाचाला तिचे खांदे हलले. मी तिच्या पाठीशी उभी होते, मला तिच्या मनगटांवरच्या शिरा ताठलेल्या दिसत होत्या. सहा. सात. ती जोरात मोजायला लागली, जवळजवळ ओरडून. आठ. नऊ. दहा. मीही तिच्याबरोबर मोजत होते हे माझ्या नंतर लक्षात आलं. अकरा. बारा. मग तिने हात सोडला, तो पुढे आला, बाबांच्या चेहऱ्यावर अलगद थांबला आणि वीस आकडे हलत राहिला.

कागद मी ट्रेत सोडला. आधी दार आलं, दाराची चौकट आली, दुपट्टा आला. चेहरा सगळ्यात शेवटी आला. मी प्रिंट हायपोत घातला, धुतला, पुन्हा धुतला. आईने "अजून धू, अजून धू" म्हणत माठ रिकामा केला. मग काचेवर पसरून व्हरांड्यात सुकायला ठेवला. ढग होते, पण नवतपाने शेवटचा जोर केला आणि आठ वाजेपर्यंत कडक ऊन पडलं. प्रिंट अर्ध्या तासात सुकला.

मी तो आधी पाहिला. काळे बाबा. डांबर नाही, राख नाही. काळ्या गालावर घामाचा एक ओघळ चमकत होता. कपाळाच्या शिरा दिसत होत्या, डाव्या भुवईखालची जखमेची खूण दिसत होती, जी मी विसरले होते. मला एकदम त्यांचा आवाज आठवला. मी तिथे पायरीवरच बसले.

मग प्रिंट आईच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांपुढे धरला, थोडा लांब नेला, थोडा जवळ आणला आणि एका जागी हात स्थिर केला. तिला तो एका वेळी पूर्ण दिसत होता, हे मला तिच्या मानेवरून कळलं, कारण मान हलत नव्हती. मला विचारायचा धीर होईना. मग तिने खोचलेला पदर सोडून खांद्यावर नीट घेतला.

"आले का वो?" ती म्हणाली. "एवढ्या उनात कायले फिरता?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने फोटोवरची नजर काढली नाही.

"पाह्यत काय बसली वं, नंदा? पानी आन त्याईले."

मी उठले आणि तांब्या भरून आणला.